आधी माती, मग औषध

मुठीत मावेल एवढा दांडा, त्याच्या एका अंगाला नायलॉनचे आखूड, ताठ केस आणि दुसऱ्या अंगाला वाकवलेलं पोलादी टोक. बुटाचा तळ साफ करायचं हे साधन एवढंच असतं. घोडेवाले घोड्याच्या खुरात बसलेली माती आणि लीद काढायला अशीच आकडी आणि ब्रश रोज वापरतात. आकडी टाचेकडून पुढे ओढायची, खुराच्या मधल्या मऊ भागाला ती लागू द्यायची नाही आणि उरलेला भुगा ब्रशने झटकायचा. ही माती खुरात तशीच राहिली तर खूर आतून कुजू लागतो, म्हणून ज्याच्यावर घोड्याची जबाबदारी तो हे काम चुकवत नाही. माणसाच्या बुटाला मात्र कुजण्याची भीती नसते. त्यामुळे बुटाचा तळ साफ करणं म्हणजे घरातली फरशी खराब होऊ न देणं, यापलीकडे आपण फारसा विचार करत नाही. त्या तळाखाली काय काय प्रवास करतं हे नीट पाहिलं, तर हे साधन घरातल्या चपलांच्या मांडणीपाशी ठेवण्यापेक्षा प्रवासाच्या पिशवीत ठेवावं असं वाटू लागतं.

आजच्या डोंगरी बुटांचा तळ खोल खाचांचा असतो. ही रचना फार जुनी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्प्समध्ये चढणारे लोक पायथ्यापर्यंत खिळे ठोकलेले जड बूट घालून जात आणि खडकावर चढताना मऊ तळाचे हलके जोडे चढवत. १९३५ मध्ये इटलीतल्या पुंता रासिका या शिखरावर एक तुकडी वादळात अडकली आणि तिच्यातले सहा जण थंडीने मेले. त्या तुकडीबरोबर असलेल्या विताले ब्रामानी या गिर्यारोहकाने बर्फ, खडक आणि चिखल या तिन्हींवर चालेल असा रबरी तळ बनवण्याचा ध्यास घेतला. पिरेल्ली या टायर कंपनीची मदत मिळाली आणि १९३७ मध्ये त्याने खाचांच्या तळाचं पेटंट घेतलं. त्याच्याच नावातली अक्षरं जोडून ‘व्हिब्राम’ हे नाव तयार झालं. १९५४ मध्ये इटलीची तुकडी के-टू शिखरावर पोचली तेव्हा तिच्या पायांत हेच तळ होते. आज सह्याद्रीत भटकणाऱ्या कुणाचाही बूट उलटा करून पाहिला तर ब्रामानीच्या कल्पनेचं कुठलं ना कुठलं रूप दिसतं. या खाचांनी असंख्य माणसांचे पाय घसरण्यापासून वाचवले. पण जी खाच जमीन पकडते ती जमिनीचा थोडा भाग उचलूनही नेते, आणि हे त्या रचनेत अपरिहार्यच आहे.

ती माती किती हट्टाने चिकटेल, हे मातीच्या जातीवर ठरतं. कोकणातली जांभ्याची तांबडी माती भरड असते. वाळली की दोन फटक्यांत गळते. वऱ्हाड-मराठवाड्यातल्या काळ्या मातीचं तसं नाही. तिच्यात माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. या खनिजाचे कण अतिशय पातळ थरांचे बनलेले असतात आणि पाणी त्या थरांच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकांपासून दूर सारतं. माती फुगते आणि चिवट होते. पावसाळ्यात काळ्या रानातून चालताना पायाखाली मातीचे थरावर थर चढत जातात आणि शेवटी लोक जोडे हातात घेऊन अनवाणी निघतात, त्याचं कारण हे. अशी माती ओली असताना ब्रशने घासली तर ती निघण्याऐवजी सारवल्यासारखी खाचांच्या कोपऱ्यांत पसरते. ती पूर्ण वाळू द्यावी, आकडीने ढेकळं उचकटावीत आणि मगच ब्रश हाती घ्यावा. वेळ नसेल तर उलट टोकाला जावं, म्हणजे भरपूर पाणी वापरावं. अर्धवट ओली अवस्था सगळ्यात वाईट.

आता त्या ढेकळाच्या आत पाहू. हे काम चार्ल्स डार्विनने करून ठेवलेलं आहे. बिया समुद्रापलीकडच्या बेटांवर कशा पोचतात, हा प्रश्न त्याला अनेक वर्षं सतावत होता. त्याने एका तळ्याच्या काठाजवळून तीन ठिकाणचा मिळून तीन मोठे चमचे चिखल घेतला. वाळल्यावर त्याचं वजन पावणेसात औंस, म्हणजे १९० ग्रॅमच्या आसपास भरलं. तो झाकून ठेवला आणि सहा महिने त्यातून उगवणारं प्रत्येक रोप मोजून उपटलं. एकूण ५३७ रोपं निघाली, आणि हा सगळा चिखल न्याहारीच्या एका कपात मावत होता. पुढे आल्फ्रेड न्यूटन या पक्षिशास्त्रज्ञाने त्याला एका जखमी तित्तिराचा पाय पाठवला. त्या पायाला साडेसहा औंसांचा मातीचा कडक गोळा चिकटलेला होता. गोळा तीन वर्षं तसाच पडून होता. तो फोडून, भिजवून काचेच्या झाकणाखाली ठेवला, तर ८२ रोपं उगवली. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या वाचकांना ही उदाहरणं आठवत असतील. मला त्यातली ती तीन वर्षं महत्त्वाची वाटतात. गेल्या पावसाळ्यात ट्रेक करून गॅलरीत टाकलेला बूट वाळला म्हणजे त्याच्या तळाखालचं सगळं मेलं, ही आपली समजूत त्या तित्तिराच्या पायाने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच खोटी ठरवली आहे.

डार्विनने पक्ष्याच्या पायाचा जो हिशोब केला, तोच पुढच्या संशोधकांनी माणसाच्या बुटाचा केला. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार बेटांवर २००८ च्या उन्हाळ्यात विमानाने उतरलेल्या २५९ प्रवाशांचे बूट तपासले गेले. त्यांतून १,०१९ बिया निघाल्या, म्हणजे माणशी सरासरी चार. थंड हवेची परिस्थिती निर्माण करून त्या पेरल्या तेव्हा त्यांतल्या सुमारे चौथाई रुजल्या. त्याच वर्षी, त्याच बेटावर, जगभरच्या पिकांचं बियाणं गोठवून जपणारं प्रसिद्ध भांडार सुरू झालं होतं. एकीकडे डोंगराच्या पोटात बियांची इतकी काळजी घेतली जात होती आणि तिथल्याच विमानतळावर बुटांबरोबर न मोजलेल्या बिया उतरत होत्या. बी बुटाला किती वेळ चिकटून राहतं, याचेही प्रयोग झाले आहेत. बहुतेक बिया पहिल्या काही पावलांतच गळतात, पण काही पाच किलोमीटर चाललं तरी जागच्या हलत नाहीत. वाऱ्याने उडणाऱ्या बियांपैकीही फार थोड्या इतक्या लांब जातात.

दक्षिण ध्रुवाकडची पाहणी याहून मोठी होती. २००७-०८ च्या हंगामात अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पर्यटकांचे आणि शास्त्रज्ञांचे कपडे, पिशव्या आणि बूट बारकाईने तपासले गेले. त्या एका हंगामात ७० हजारांहून अधिक बिया खंडावर उतरल्या असाव्यात, असा अंदाज २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. बी वाहणाऱ्या प्रत्येक माणसामागे सरासरी साडेनऊ बिया. पर्यटकांपेक्षा शास्त्रज्ञांच्या आणि तळावरच्या कर्मचाऱ्यांच्या अंगावर माणशी जास्त बिया मिळाल्या, कारण त्यांचे बूट आणि पिशव्या आधी इतर डोंगरांत, रानांत वापरलेल्या असतात. यातल्या बहुतेक बिया थंडीने मरतात. मात्र पोआ ॲनुआ नावाचं एक साधं, आखूड गवत मेलं नाही. पोलंडच्या अर्क्टोव्स्की तळाजवळ ते १९८०च्या दशकात दिसलं आणि त्यानंतर पसरत गेलं. ज्या खंडावर फुलणाऱ्या वनस्पतींच्या अवघ्या दोन मूळ जाती आहेत, तिथे तिसरी माणसाबरोबर आली.

या खंडाशी गोव्याचं जुनं नातं आहे. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालची पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली आणि भारताच्या ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही वास्कोलाच आहे. ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या तळांवर जाणारा माणूस उष्ण, दमट, बियांनी भरलेल्या प्रदेशातून निघतो. अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणाचा १९९१ चा माद्रिद करार परकी जीव आणण्याला मनाई करतो आणि निर्जंतुक न केलेली माती शक्यतो येऊ देऊ नये असंही सांगतो. कराराच्या भाषेतल्या या ‘माती’चा मोठा भाग शेवटी कुणाच्या तरी बुटाच्या खाचेतच असतो. म्हणून पर्यटक जहाजांवर उतरण्याआधी सगळ्यांना डेकवर बसवून खिशांचे कोपरे आणि वेल्क्रोच्या पट्ट्या व्हॅक्यूम क्लीनरने साफ करायला लावतात, बुटांच्या खाचा टोकदार काडीने कोरायला लावतात आणि मग तळ घासून गुलाबी रंगाच्या व्हर्कॉन या जंतुनाशकात बुडवतात. एका किनाऱ्याहून दुसऱ्या किनाऱ्यावर जातानाही हेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये साउथ जॉर्जियाजवळच्या बेटावर पक्ष्यांचा घातक फ्लू पोचला आणि पुढच्या फेब्रुवारीत तो खुद्द अंटार्क्टिकावर सिद्ध झाला. तेव्हापासून पेंग्विनची विष्ठा बुटाला लागून पुढच्या वसाहतीत जाऊ नये, ही धास्ती बियांच्या धास्तीच्याही पुढे गेली आहे.

पण हे साधन कशासाठी आहे, हे जितकं न्यूझीलंडच्या कौरीने शिकवलं तितकं दुसऱ्या कशानेही नाही. कौरी हा तिथल्या उत्तर बेटाचा महावृक्ष. वाइपोआच्या जंगलातला ताने माहुता हा सर्वांत मोठा कौरी पन्नास मीटरच्या आसपास उंच आहे आणि त्याच्या बुंध्याचा घेर तेरा मीटरहून अधिक भरतो. माओरी श्रद्धेत ताने हा अरण्याचा देव. एवढ्या प्रचंड झाडाची अन्न शोषणारी मुळं मात्र जमिनीच्या अगदी वरच्या थरात, पालापाचोळ्याखाली पसरलेली असतात. तिथेच फायटोफ्थोरा अगाथिडिसिडा हा सूक्ष्म जीव शिरतो. तो बुरशीसारखा दिसतो, पण बुरशी नाही. त्याचे बीजाणू ओल्या मातीत अक्षरशः पोहत मुळाशी जातात, मूळ कुजवतात, झाडाची पाणी ओढण्याची शक्ती संपते, बुंध्यातून राळ वाहू लागते आणि शेंडा विरळ होत होत झाड वाळून जातं. लागण पूर्ण बरी करणारं औषध नाही. फॉस्फाइटच्या इंजेक्शनांनी ती रोखून धरता येते, एवढंच. शिवाय या जीवाचे जाड सालीचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. लागण पसरायला टाचणीच्या डोक्यावर मावेल एवढी माती पुरते, असं तिथे येणाऱ्या प्रत्येकाला बजावलं जातं.

ऑकलंडजवळच्या वाइताकेरे डोंगरांतल्या पाहणीचा २०१७ चा अहवाल आला तेव्हा लोक हादरले. पाच वर्षांत लागण झालेल्या कौरी क्षेत्राचं प्रमाण ८ वरून १९ टक्क्यांवर गेलं होतं आणि लागणीची ठिकाणं चालण्याच्या पायवाटांच्या कडेने अधिक होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या ते कावेराऊ आ माकी या माओरी समाजाने त्या अरण्यावर ‘राहुई’ जाहीर केली. राहुई म्हणजे परंपरेने घातलेली बंदी: अरण्याला सावरायला वेळ द्या, आत पाऊल ठेवू नका. पुढच्या वर्षी महापालिकेनेही वाटा बंद केल्या. पुढे मुळांवर पाय पडू नये म्हणून लाकडी फळ्यांच्या उंच वाटा बांधून एकेक रस्ता पुन्हा खुला करण्यात आला, आणि प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी बूट साफ करायचं ठाणं उभं राहिलं.

या ठाण्यांचा इतिहास फार बोलका आहे. सुरुवातीला दांड्याला साखळीने बांधलेला हातब्रश आणि जंतुनाशकाची फवारणीची बाटली, एवढंच असे. पाहणी करणाऱ्यांना दिसलं की बरेच लोक ब्रशला हात न लावता नुसता फवारा मारून पुढे जातात आणि काही जण तेही करत नाहीत. मग दाराची, जाळीची, पायाखाली ब्रश बसवलेली आणि वजन पडताच खालून फवारा उडवणारी ठाणी आली, म्हणजे कुणाला टाळून जाताच येऊ नये.

फवारा मारून पुढे जाणाऱ्यांची मुळात समजूतच चुकीची असते. औषधाचं काम खरं आणि घासणं हे नुसती पूर्वतयारी, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. जंतुनाशक ज्या गोष्टीला स्पर्श करतं तिच्यावरच काम करतं. मातीच्या ढेकळाचा बाहेरचा पापुद्रा ओला होतो आणि आतला बीजाणू कोरडाच राहतो. व्हर्कॉनसारखी जंतुनाशकं ऑक्सिडीकरणाने मारतात. समोर शेण, पालापाचोळा, कुजकं मूळ असलं की त्यांची ताकद त्याच्यावरच खर्च होऊन जाते. त्यात कौरी मारणाऱ्या जीवाचे जाड सालीचे बीजाणू औषधाला सहज दाद देत नाहीत. त्यामुळे बुटावरून निघून गेलेली माती हीच खात्रीची सुरक्षा आहे. फवारा उरल्यासुरल्या धुळीसाठी. मला विचाराल तर दोहोंपैकी एकच मिळत असेल तर बेलाशक ब्रश आणि आकडी घ्यावी. हातातल्या साधनाचा आणखी एक गुण पायाखालच्या यंत्रात नाही. हाताने साफ करायचं तर बूट उलटा करून त्याच्याकडे पाहावं लागतं. टाचेच्या कडेला, चवड्याच्या वळणावर, तळ आणि चामडं जिथे चिकटवलेलं असतं त्या फटीत काय अडकलं आहे, ते डोळ्यांना दिसतं.

फायटोफ्थोराच्या कुळातला दुसरा एक जीव, फायटोफ्थोरा सिनामोमी, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅरा वृक्षांच्या जंगलांचा काळ ठरला. झाडं वाळताना १९२० च्या सुमारास दिसू लागली होती, पण कारण सापडायला १९६५ उजाडलं. त्या राज्याच्या नैऋत्येकडच्या मूळ वनस्पतींपैकी सुमारे ४० टक्के जाती या जीवाला बळी पडू शकतात. स्वतःच्या बळावर हा जीव पाण्याबरोबर उताराने वाहत जातो. चढावर मात्र तो अगदी मुंगीच्या पावलांनी, एका मुळावरून दुसऱ्या मुळावर सरकतो. डोंगरमाथ्यावर त्याला एका दिवसात नेऊन ठेवायला चिखलाचं चाक किंवा चिखलाचा बूटच लागतो. म्हणून तिथल्या डोंगरवाटांवर बूट साफ करायची जागा पायथ्याशी असते, आणि चढायला सुरुवात करण्याआधी ती वापरायची असते.

आपल्याकडेही या कुळाची ओळख करून द्यायला नको. कोकणातल्या नि गोव्यातल्या बागायतदाराला सुपारी गळवणारा कोळेरोग ठाऊक आहे आणि नागपूरच्या संत्रेवाल्याला बुंध्यातून डिंक वाहवणारा डिंक्या. दोन्हींच्या मागे फायटोफ्थोराच्याच जाती आहेत. कोळेरोग मुख्यतः पावसाच्या शिंतोड्यांनी घोसांवर चढतो, तिथे बुटाचा दोष थोडाच. डिंक्या मात्र मातीतला रोग आहे. त्याची मोठी वाट रोपवाटिकेतून आलेल्या रोपांची आणि एका झाडाच्या आळ्यातून दुसऱ्या आळ्यात जाणाऱ्या पाण्याची. पण रोगट आळ्यातली ओली माती कुदळीच्या पात्याला आणि माणसाच्या पायाला लागून निरोगी झाडाकडे जाते, हेही तितकंच खरं. बागेत रोगट झाडांची कामं दिवसाच्या शेवटी करावीत आणि नंतर अवजारं व जोडे तिथेच खरवडावेत, एवढी शिस्त पैसा न खर्चता पाळता येते.

तणांची गोष्ट तर महाराष्ट्राच्या अंगणातली आहे. गाजर गवत भारतात प्रथम पुण्यात १९५५ मध्ये नोंदलं गेलं आणि त्यानंतर काही दशकांत देशभर पसरलं. एक झाड हजारो बिया टाकतं. त्या हलक्या आणि बारीक असतात, चिखलात मिसळून चाकांना, खुरांना, जोड्यांना लागतात. गडावरच्या वाटेवर, तटाच्या कडेला, माणसांची ये-जा असते तिथेच ते दाट का दिसतं, याचं बरंचसं उत्तर त्या चिखलात आहे.

गुरांच्या रोगांत हाच प्रश्न वेगळ्या वेगाने येतो. फेब्रुवारी २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ सुरू झाली आणि ती आटोक्यात येईपर्यंत साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. साथ मुख्यतः जनावरांच्या खरेदी-विक्रीतून पसरली होती, तरी माणसांच्या पायांनी ती आणखी फिरू नये म्हणून देशभरच्या पायवाटा बंद केल्या गेल्या आणि शेतांच्या फाटकांवर जंतुनाशकाने भिजवलेल्या गवताच्या आणि चटयांच्या पट्ट्या पसरल्या गेल्या. तिथल्या पशुवैद्यांचा आग्रहही हाच होता: शेणाने माखलेला बूट नुसता भिजवू नका, आधी खरवडा.

काही वेळा तळ साफ करता येतच नाही. ओढ्यात उभं राहून मासे धरणारे लोक घसरू नये म्हणून जाड नमद्याचे तळ वापरत. हा नमदा पाणी धरून ठेवतो आणि त्याच्या तंतूंत सूक्ष्म शैवाल दिवसच्या दिवस जिवंत राहतं. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर २००४ मध्ये डिडिमो हे दगडांवर गोधडीसारखं पसरणारं शैवाल सापडलं. घासून, भिजवून नमद्यातून ते निघेल याची खात्री देता येईना, तेव्हा २००८ मध्ये सरकारने नमद्याच्या तळांवर सरळ बंदी घातली आणि मासेमारांना रबरी तळ घ्यायला लावले. रबरी तळ ब्रशला वश होतो, नमदा होत नाही. बूट विकत घेताना तळाच्या खाचा किती खोल आहेत हे आपण पाहतो; त्या साफ करता येतील इतक्या रुंद आहेत का, हेही पाहायला हवं.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांसाठी खास ब्रश मागवण्याची गरज नाही. हार्डवेअरच्या दुकानातला ताठ केसांचा छोटा ब्रश आणि जुना स्क्रू-ड्रायव्हर पुरे. तारेचा ब्रश शक्यतो टाळावा, कारण तो रबराच्या कडा झिजवतो. महत्त्वाची आहे ती जागा. माती जिथली तिथेच राहावी, म्हणून बूट ट्रेक संपतो त्या ठिकाणी, गावात उतरल्यावर, एसटीत किंवा जीपमध्ये चढण्याआधी साफ करावेत. घरी आणून नळाखाली धुतले तर त्या बिया आपल्या गटारात आणि तिथून ओढ्यात जातात. गडावर मुक्कामाच्या जागी टाक्याच्या किंवा झऱ्याच्या काठी बूट घासू नयेत; वाहत्या पाण्यापासून दूर, जिथे माती सांडून तिथेच पडून राहील अशा जागी घासावेत. आणि पुढच्या डोंगरावर जायच्या आदल्या रात्री, घरी, पुन्हा एकदा वर्तमानपत्रावर बूट उलटे करून खाचा आकडीने कोराव्यात. पडलेला भुगा कुंडीत टाकू नये. तो वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात द्यावा. शेवटी ब्रशही धुवावा, कारण त्याच्या केसांच्या मुळाशी आता तीच माती बसलेली असते.